बैलजोडीची पावती

नवल आबांना हेमांगीचा हेवा वाटायचा. लपवायचं कशाला, चांगला जळफळाट व्हायचा. चाळीसगावच्या या निवृत्त शाळा-कारकुनानं अकरा वर्षं घराण्याची वंशावळ जुळवली, पणजोबा रुपचंद यांचं हरवलेलं मृत्युपत्र शोधत कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. आणि ही धुळ्याची पोरगी, धाकट्या भावाची सून, कालपरवा घरात आलेली, दोन महिने मोडी लिपी शिकते काय आणि अख्खं गणगोत तिच्या नावाचा जप करतं काय! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे धुळ्यात जमले, तेव्हा आबांची वंशावळ भिंतीवर एकटीच लटकत राहिली आणि माणसं हिच्या मोबाईलवरचे मोडी कागद ऐकायला गोळा झाली.

त्यात ती पेटीच्या मागे लागलेली. आबांकडच्या पत्र्याच्या पेटीतले मोडी कागद एकदा दाखवा, असं तिनं तीनदा विनवलं. तिन्ही वेळा आबांनी सांगितलं, की ते आपण कधीच वाचलेत, नुसत्या पावत्या आहेत.

आता खरं सांगायचं तर आबांना मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी एका लग्नात कुणीतरी पेटीतला एक कागद त्यांच्या हातात दिला. चारचौघांत 'येत नाही' म्हणायला जीभ रेटेना. मग चष्मा सावरून त्यांनी खुशाल वाचून दाखवलं: बैलजोडीची पावती, रंग पांढरा, शिंगं डौलदार. लोकांनी माना डोलावल्या आणि आबा घरातले मोडीवाले झाले.

यंदा आबांनी चंगच बांधला. हिच्या आधी मृत्युपत्र सापडलंच पाहिजे. सोमवारी जळगावला जाऊन त्यांनी कचेरीत दिवसभर रजिस्टरं चाळली, हाताला काही लागलं नाही. संध्याकाळी घरी येतात तो ओट्यावर हेमांगी बसलेली, आणि शेजारी ती पेटी, उघडी.

पेटी काढली होती बायकोनं, बेबाबाईनं. तिनंच कागदांचे फोटो धुळ्याला पाठवले होते. आबा तिच्यावर खेकसले. बेबाबाईनं शांतपणे विचारलं, "तुमले येस का वाचता?"

एकोणचाळीस वर्षांचा संसार, तिला माहीत नसणार तर कुणाला?

हेमांगीनं एक कागद पुढे केला. तीच बैलजोडीची पावती.

"आबा, हे मृत्युपत्र आहे," ती हळूच म्हणाली. "मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सापडलं, असं तुम्हीच सांगा."

आबांना वाटलं, हिनं चारचौघांत तोंडघशी पाडलं असतं तरी बरं झालं असतं. मन मोठं करायचा मानही हिनंच पटकावावा? तिनं ओळीला ओळ ठेवून देवनागरीत उतरवून आणलं होतं. आबांनी वाचलं. जमीन दोघा मुलांत सारखी. विहिरीचं पाणी एक दिवसाआड. पणजीची बोरमाळ लेकीला. त्यात भांडण्यासारखं काहीच नव्हतं.

पण आबा शेवटी कारकून. मोडी वाचता येत नसली तरी ओळी मोजता येत होत्या. मूळ कागदावर चौदा होत्या, हिच्याकडे तेरा.

"शेवटची कुठंय?"

हेमांगी म्हणाली, ती सही आहे. आबांनी कागद तिच्यापुढे धरला. सही तर खाली वेगळी होती, साक्षीदाराच्या अंगठ्याशेजारी. शेवटी तिनं खाली मान घालून ती ओळ वाचली.

"कागदांची पेटी घरात ज्यास वाचता येईल, त्याजपाशी असावी."

बेबाबाई आत निघून गेली. आबांनी पेटी मांडीवर ओढून घेतली आणि दोन्ही हात वर ठेवले. अकरा वर्षं ज्याला शोधलं, त्या म्हाताऱ्यानं वरून ही पेटी हिच्या नावावर केली होती. मत्सरानं छाती भरून आली, डोळेही.

हेमांगी म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडेच. ती ओळ मी कुणाला वाचून दाखवणार नाही."

"गप," आबा म्हणाले. खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला, कागद उजेडात धरला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. "मला येत नाही. शिकव. मग बघू पेटी कुणाची ते."