सत्यकुंडाची तोटी

बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात एवढी गर्दी झाली होती, की कारखाना चालू असतानाही तेवढी कधी झाली नसेल. सगळे सिमेंटच्या एका छातीएवढ्या उंच टाकीला खेटून उभे होते. त्या टाकीला आता सगळे ‘सत्यकुंड’ म्हणत. काठावर कुंडबाबा बसले होते.

“खऱ्याला गार, खोट्याला अंगार!” बाबा गरजले.

लोकांनी ओंजळी बुडवल्या. पाणी गारच होतं. काठावरून ओंजळ बुडवणारे झाडून सगळे सत्यवादी निघत, याचं कुणालाच नवल वाटत नव्हतं. ज्याच्यावर संशय असेल त्याला मात्र आतल्या पायऱ्या उतरून तळावर उभं राहावं लागे. मागच्या आठवड्यात एक शिंपी उतरला आणि पायांना फोड घेऊन वर आला. चोर ठरला बिचारा.

आज पाळी माझ्या वहिनीची होती. आईची सोन्याची बांगडी सापडत नव्हती, आणि आमच्या घरात काही हरवलं की सगळे आधी सुनेकडे बघतात. दादा खाली मान घालून उभा होता. मला त्याची मनापासून लाज वाटली.

बाबा भक्तांना बजावत होते, “नवसाचं मीठ नळीने थेट तळाशी सोडा. वरून गोडं पाणी अगदी हळू. आणि कुंड ढवळाल तर कोप होईल, कोप!”

मी कान टवकारले. हे तर आमच्या प्रयोगशाळेतले नियम! उन्हाची उष्णता साठवणारी खारी तळी बांधायची, तर कितपत खारं पाणी किती तापल्यावरही जड राहतं, हे आधी ठाऊक लागतं. ते गणित मांडणं हेच माझं काम.

वहिनीने चपला काढल्या.

“थांब, वहिनी!” मी ओरडले. टाकीच्या बुडाशी बाहेरून जुनी तोटी होती. ती जोर लावून उघडली आणि तिथलाच एक तांब्या भरला. वाफा निघाल्या. “घ्या बाबा, कुंडाचंच पाणी. ओंजळ पुढे करा.”

बाबांनी दोन्ही हात कफनीत लपवले. “हे विज्ञानाच्या पलीकडलं आहे, बेटी.”

“तुम्ही तर खरे ना? मग गारच लागेल की!”

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. चार थेंब मी त्यांच्या पायावर सांडले, तसे महाराज “आई गं!” करत उठून उभे राहिले.

मग मी सगळ्यांना सांगितलं. साधं पाणी तापलं की हलकं होऊन वर येतं आणि निवतं. तळाचं पाणी मिठाने इतकं जड झालंय, की तापूनही वर येऊ शकत नाही. ऊन तळापर्यंत पोचतं आणि उष्णता तिथेच अडकते. ढवळलं की सगळं कोमट होणार, म्हणून तो कोप. मीठ तुमचं, ऊन फुकटचं, बाबांची फक्त बडबड!

बाबा मागच्या फाटकाने सटकले. लोक आपलं मीठ फुकट गेलं म्हणून ओरडत पांगले.

वहिनीने चपला घातल्या. दादा पुटपुटला, “चल, घरी जाऊ. झालं ते झालं.”

“बांगडी मी घेतली नाही, हे घरीच सांगितलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “तेव्हा ऐकलं नाहीत. आणि तळाला माझे पाय भाजले असते, तर पाण्याचं ऐकलं असतंत.”

ती एकटीच चालू लागली.

पाण्याला मीठ कळतं, ऊन कळतं. खरंखोटं कळत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं. त्यासाठी डोकं वापरा आणि समोरच्या माणसाचं ऐकून घ्या.