भिंतीतलं भोक

"किती विचार करून ठेवलाय हा झरोका!" सुरभी मॅडम म्हणाल्या आणि सत्यशीलाबाईंच्या भिंतीतल्या भोकात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला.

मी दाराशी उभा होतो.  बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, तरी मी आत पाऊल टाकत नव्हतो.

मॅडम पुण्याहून आल्या होत्या. उष्ण, कोरड्या मुलखात जागच्या जागी मिळणाऱ्या मातीची, काड्यांची, आतून थंड राहणारी घरं कशी बांधावीत, याचा त्या अभ्यास करत होत्या. घाटंजीकडची जुन्या पद्धतीची घरं दाखवायला कुणी माहीतगार द्या, असं त्यांनी वर कळवलं आणि वरून माझं नाव आलं. मी धम्मरत्न, घरकुलांच्या कामावरचा इंजिनिअर. माहीतगार म्हणे! तीन घरं मी दाखवली. हे चौथं टाळणार होतो. पण गावात मॅडम ज्याला विचारत, त्याचं बोट याच घराकडे जाई. भिंत घालावी तर सत्यशीलाबाईंनीच, असं सगळे सांगत.

मॅडमच्या तापमापकात बाहेर पंचेचाळीस अंश होते आणि आत चौतीस. दीड हात जाडीची मातीची भिंत, तळहातानं लिंपून गुळगुळीत केलेली. वर लाकडाच्या बल्ल्या, त्यांवर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचं सपाट धाबं. मॅडम सगळं वहीत काढून घेत होत्या.

"आजी, हे हवेसाठी ठेवलंय ना?" त्यांनी विचारलं.

सत्यशीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

ते भोक मी पाडायला लावलं होतं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कापसानं जिल्ह्याची पार दैना केली होती. रोज कुठल्या तरी समितीची पांढरी गाडी धूळ उडवत यायची, आणि त्याच धामधुमीत घरकुलांचा वाढीव कोटा आला. अर्जाला मोडकळीस आलेल्या घराचा फोटो लावायचा होता. दरवर्षी पावसाळ्याआधी शिडी चढून धाब्यावर नवी माती टाकायची, हे सत्यशीलाबाईंच्या गुडघ्यांना आता झेपत नव्हतं. त्यांना स्लॅबचं घर हवं होतं आणि त्यात काहीच चूक नव्हती. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पाहतो तर काय, मोडकळीचा मागमूस नाही! इतकी देखणी भिंत आमच्या सरकारी बांधकामातही मी पाहिली नव्हती.

"माय, असा फोटो गेला तं वरचे म्हणतीन, हिले घरकुल कायले पाह्यजे?"

"मंग?"

"थोडी फोडा लागते."

हे मी हसत हसत सांगितलं. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"म्याच घातली ना साहेब," त्या म्हणाल्या. "आन् म्याच फोडू?"

पण आत जाऊन त्यांनी लोखंडी सब्बल आणली. भिंत लवकर दाद देईना. पंधरा-वीस घाव घातले तेव्हा कुठे वीतभर भोक आरपार गेलं. मी हात लावला नाही, मी उजेड कुठून येतो ते बघत होतो. मग त्यांना भोकाशेजारी उभं केलं. त्या पदर सारखा करायला लागल्या, तर तोही मी तसाच राहू द्यायला सांगितला.

"पहिल्या यादीत नाही तं दुसऱ्या यादीत नाव येईन," निघताना मी म्हणालो. "तपासणी होईपर्यंत बुजवू नका. आठ दिवसांत येतो."

"आपल्यातलाच साहेब हाय," त्यांनी शेजारणीला सांगितलं. "काम होईन."

पहिल्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. दुसरी यादी निघालीच नाही. मला ते महिन्याभरात कळलं होतं. सांगायला जायचं मनात होतं, पण काय तोंड दाखवायचं, म्हणून गेलो नाही. पुढे दुसरी गावं आली, दुसरे फोटो आले.

"हो बाई," सत्यशीलाबाई मॅडमना म्हणाल्या, "हवेसाठीच ठेवलं."

मॅडमनी भोकाची लांबी-रुंदी मोजली, जमिनीपासूनची उंची लिहून घेतली. असं घर दाखवल्याबद्दल माझे आभार मानले आणि धाबं पाहायला बाहेर गेल्या. भोकाखाली एक पोतं घडी करून ठेवलेलं मला दिसलं. पावसात ते भोकात कोंबत असणार.

"खरं काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

"परक्या बाईपुढं आपल्या माणसाची इज्जत काहून काढू?" त्या म्हणाल्या. मग जरा जवळ आल्या. "आता सांगा साहेब, तपासणी केव्हा हाय?"

तीन पावसाळे त्या माझ्या शब्दावर भोक उघडं ठेवून बसल्या होत्या.

"नाही येत तपासणी, माय. यादीच रद्द झाली. तवाच झाली. मी सांगाले आलो नाही."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"हिवाळ्यात लय वारं ये इथून," एवढंच त्या म्हणाल्या.

मी बूट काढले. "आणा माती. आताच बुजवू."

"अशी लगेच नाही धरत साहेब. गव्हाचं कुटार घालून तीन दिवस भिजू द्या लागते. मंग तुडवा लागते."

"चौथ्या दिवशी येतो. तुडवाले मी येतो. थांबजा."

त्यांनी भोकाखालचं पोतं उचलून झटकलं. बाहेरून मॅडमनी हाक मारली आणि मी पुन्हा बूट घातले.

चौथ्या दिवशी मी रजा टाकली. जुनी पँट घालून सकाळी सात वाजताच गावात पोचलो. दाराला कडी होती.

"ते वावरात धसकटं वेचाले गेली," शेजारीण म्हणाली.

भोक बुजलं होतं. लेप अजून ओला होता, बाकीच्या भिंतीपेक्षा काळसर. त्यावर बोटांच्या रेषा दिसत होत्या. अंगणातल्या मातीच्या खड्ड्यात एकाच माणसाच्या पावलांचे ठसे होते, लहान, उजवं पाऊल जरा फरपटत गेलेलं. पोतं धुऊन कुंपणावर वाळत घातलं होतं.

सगळं काम काल संध्याकाळीच उरकलेलं होतं. या खेपेला त्यांनी माझी वाट पाहिली नव्हती.