मी, मागच्या डाव्या चाकाचा शॉकअप

मित्रांनो, मी एक जुना शॉकअप आहे. पण जुना म्हणालो म्हणून लगेच चेहरे पाडू नका. गॅरेजच्या भिंतीवर, हवा भरायच्या नळीशेजारी एका खिळ्याला मी टांगलेला आहे. माझ्या बरोबर खाली भंगाराचा ढीग आहे. मी त्या ढिगात नाही, भिंतीवर आहे, एवढ्यावरूनच माझी योग्यता तुमच्या लक्षात यावी. आमचे मिस्त्री कुणालाही उगाच भिंतीवर चढवत नाहीत.

माझे कागदावरचे नाव शॉक अॅब्झॉर्बर. गॅरेजमध्ये एवढे लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड नसते, म्हणून शॉकअप. आमचे काम पुष्कळांना नीट ठाऊक नसते. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. चाक दगडावर चढले की ती दबते आणि मग स्वभावाप्रमाणे उड्या मारत बसते. तिला आवरायचे काम आमचे. माझ्या पोटात तेल आहे, तेलात दट्ट्या आहे आणि दट्ट्याला बारीक भोके आहेत. त्या भोकांतून तेल कसेबसे सरकते आणि धक्क्याचा जोर तिथेच जिरतो. थोडक्यात काय, उड्या ती मारते आणि निस्तरतो आम्ही.

कारखान्यात मला शेकडो वेळा दाबून आणि ओढून पाहिले. मी हूं की चूं केले नाही. मग आम्ही चार भाऊ आणि चार स्प्रिंगा एका खोक्यात बसलो आणि मिस्त्रींच्या फळीवर आलो. आमचा संच छोट्या फोर-व्हील गाडीला दोन इंच उचलणारा होता. गाडी उचलली की तिचे पोट दगडांना घासत नाही, म्हणून डोंगरात जाणारे लोक असे संच बसवतात. आमचा रंग राखाडी. शेजारच्या खोक्यात चार इंच उचलणारा संच होता, लालभडक. येणारा प्रत्येक जण आधी त्यालाच हात लावी. आमच्याकडे अकरा महिने कुणी ढुंकूनही पाहिले नाही. खोटे कशाला सांगू, मला त्या लाल मंडळींचा हेवा वाटत असे.

एके सकाळी एक छोटी फोर-व्हील गाडी आली. धुतलेली, पुसलेली, आतून अगदी रिकामी. ती चालवत आलेला तरुण म्हणजे डोंगरातल्या वस्त्यांवर चष्मे पुरवणाऱ्या घरातला धाकटा मुलगा. घरात त्याला धाकटाच म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो.

मिस्त्रींच्या गळ्यात कायम मोजायची टेप लटकलेली असते. त्यांनी विचारले, "सामान किती असतं गाडीत?"

"भरपूर!" धाकटा म्हणाला.

"म्हणजे किती?"

"अहो, भरपूर म्हणजे भरपूर. डोंगरातलं काम आहे आमचं. चार इंचवालाच द्या. दोन इंचांत काय, शेजाऱ्यांना कळायचंसुद्धा नाही."

त्या दिवशी दारात सहा गाड्या खोळंबल्या होत्या. सगळ्या जगाची मापे काढणाऱ्या मिस्त्रींनी त्या दिवशी काहीच मोजले नाही. संध्याकाळपर्यंत लाल संच बसला आणि गाडी ऐटीत निघून गेली.

चार दिवसांनी ती परत आली. या वेळी चालवत होती धाकट्याची थोरली बहीण, ताई. ती उतरली आणि सरळ बोलू लागली, आणि फळीवर बसून मी सगळे ऐकले.

तिची आई, म्हणजे आपल्या आजी, चाळीस वर्षे डोंगरात जाऊन लोकांचे डोळे तपासत आल्या होत्या. आधी पायी, नंतर मिळेल त्या वाहनाने. त्यांच्याकडे भिंगांची एक लाकडी पेटी होती. दोनशेहून जास्त भिंगे, प्रत्येक आपापल्या खाचेत. कुठल्याही गाडीत बसल्या तरी ती पेटी त्यांच्या मांडीवरच असे, कारण गाड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आता कंबर धरली होती. धक्के बसायचे नसतील तरच जा, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

"चढायलाच स्टूल लागलं तिला," ताई म्हणाली. "आणि तिसऱ्या वळणावर गाडी अशी उडाली की पेटी मांडीवरून पडली. एक भिंग तडकलं. आई तिथंच उतरली. घरी आल्यावर तिनं पेटी कपाटात ठेवली आणि मला म्हणाली, आता तूच जात जा. माझं झालं."

"मग तुम्ही जा की," मिस्त्री म्हणाले.

"मी जाईनच हो. पण वरच्या वस्तीतल्या शिंपीणबाई तिच्याशिवाय कुणाकडून डोळे तपासून घेत नाहीत. त्यांना सुईत दोरा ओवता येईना झालाय. आणि त्यांचं एक वेळ राहू द्या. आईनं आजवर 'माझं झालं' असं कधी म्हटलं नव्हतं."

धाकटा मागे उभा होता. "चूक माझी आहे," तो हळूच म्हणाला.

"तुझी आहेच," मिस्त्री म्हणाले. "पण तू गिऱ्हाईक. टेप माझ्या गळ्यात आहे." मग ताईकडे वळून ते म्हणाले, "उद्या गाडी आणा. धुऊ नका. कामाला निघते तशी आणा, सगळं सामान भरून. आणि मावशींनाही घेऊन या."

"आई नाही यायची."

"सांगा, त्यांच्याशिवाय माप पुरं होत नाही."

दुसऱ्या दिवशी आजी आल्या, त्याही फुरंगटून. मिस्त्रींनी गाडीचे मागचे दार उघडले. आत एक आरसा, अक्षरांचा एक तक्ता, घडीची दोन स्टुले, जेवणाचा डबा, छत्री आणि ती पेटी.

"हेच का रे तुझं भरपूर?" मिस्त्रींनी विचारले. धाकट्याने आपल्या बुटांकडे फार निरखून पाहिले.

सगळे सामान काट्यावर चढले. मग आजीही चढल्या. सगळे मिळून नव्वद किलोसुद्धा भरले नाही. मिस्त्रींनी डोक्याला हात लावला. त्या लाल स्प्रिंगा लोखंड लादलेल्या गाड्यांसाठी होत्या. अंगावर चांगले तीनशे किलो पडल्याशिवाय त्या मऊ होत नाहीत. एवढ्याशा वजनाला त्या दबणार कशाच्या? त्या नुसत्या उडवणार. त्या क्षणी माझा हेवा पार विरघळला. ते लाल भाऊ वाईट नव्हते हो, चुकीच्या घरी गेले होते.

मग मिस्त्रींनी टेप काढली आणि जमिनीपासून आजींच्या गुडघ्यापर्यंतचे माप घेतले.

"मिस्त्री, गाडीचं माप घ्या. माझं काय घेता?" आजी कडाडल्या.

"मावशी, गाडीला कुठं चढायचंय? चढायचंय तुम्हाला."

त्यांनी विटा रचून त्यांवर फळी ठेवली, दोन इंच उचललेल्या गाडीच्या दाराच्या उंबऱ्याएवढी उंच. आजींनी पदर खोचला, दाराच्या चौकटीला धरावे तसा धाकट्याचा खांदा धरला आणि एका दमात चढल्या. वर उभ्या राहून त्यांनी सगळ्यांकडे असे पाहिले, की जणू डोंगरच सर केला. त्यानंतर मिस्त्री आमच्या फळीपाशी आले आणि त्यांनी फुंकर मारून आमच्या खोक्यावरची धूळ उडवली. अकरा महिन्यांची धूळ, मित्रांनो!

मला मागच्या डाव्या चाकापाशी बसवले. आमच्या दोन्ही टोकांना रबर असते. गाडी हवेत टांगलेली असताना नट आवळले तर ते रबर पिळवटते आणि लवकर फाटते. म्हणून मिस्त्रींनी गाडी चाकांवर उभी केली, सामान ठेवले, आजींना मागच्या सीटवर बसवले आणि मगच शेवटचे नट आवळले. माझ्या अंगात आजींचे वजन धरून पाना फिरला आहे. असा मान किती शॉकअपना मिळतो?

पहिल्या फेरीला ताई गाडी चालवत होती. आजी मागे उजवीकडे, म्हणजे माझ्या जुळ्या भावाच्या डोक्यावर बसल्या होत्या. पेटी अर्थातच मांडीवर. मला डोळे नाहीत, पण वजन कळते. कुणी नुसते कुशीवर वळले तरी कळते. डोंगराचा रस्ता सुरू झाला. खड्डे, सुटे गोटे, पावसाने कापलेल्या चऱ्या. तिसरे वळण आले तेव्हा आजी आखडून बसल्याचे भावाने मला कळवले. चाक धाडकन खड्ड्यात गेले, स्प्रिंग दबली, उसळू लागली, आणि मी तिला धरले. अंगातले सगळे तेल पणाला लावून धरले. गाडी एकदा डुलली आणि शांत झाली.

चौथे वळण गेले. पाचवे गेले. आणि मग माझ्या बाजूवर अलगद चार किलो वजन आले.

आजींनी पेटी मांडीवरून उचलून शेजारच्या सीटवर ठेवली होती.

"आई, पेटी?" ताईने आरशात पाहून विचारले.

"राहू दे. नीट बसलीय ती," आजी म्हणाल्या.

मित्रांनो, मला ना पदक मिळाले, ना माझा कुणी सत्कार केला. पण चाळीस वर्षांत कुठल्याही गाडीला जे मिळाले नव्हते ते मला मिळाले. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सांगायला शॉकअपजवळ शब्द नाहीत. वर पोचल्यावर शिंपीणबाईंनी नवे भिंग लावून पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवला आणि आजींना घट्ट मिठी मारली, असे नंतर ताई मिस्त्रींना सांगत होती.

पुढे सात वर्षे दर गुरुवारी आम्ही डोंगर चढलो. चिखल, गारठा, ऊन, सगळे अंगावर घेतले. किती म्हाताऱ्यांना नातवंडांचे चेहरे स्पष्ट दिसले, किती मुलांना फळा दिसला, त्याचा हिशेब आजींकडे. माझ्याकडे खड्ड्यांचा आहे, आणि तोही काही कमी नाही.

पण आमच्याकडे वाकून पाहणार कोण? गाडी वरून चकाचक पुसली जाई; खाली आमच्यावर चिखलाची पुटे चढत. सातव्या वर्षी माझ्या तोंडाशी असलेले रबर झिजले आणि तेल पाझरू लागले. धाकट्याने एकदा तो ओघळ पाहिला, रस्त्याचे डांबर समजला आणि फडक्याने पुसून टाकला. ताईलाही काही कळले नाही. रोज थोडे थोडे बिघडत गेले की माणसाला त्याची सवय होते.

एका गुरुवारी तिसऱ्या वळणाच्या जरा आधी माझ्या बाजूचे चार किलो वजन उचलले गेले. आजींनी पेटी पुन्हा मांडीवर घेतली होती. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला खूप वाईट वाटले, पण खरे सांगतो, राग आला नाही. भरवसा त्यांनी दिला होता, त्यांनीच काढून घ्यायचा.

ताईने आरशात पाहिले. दुसऱ्याच दिवशी गाडी गॅरेजात होती. मिस्त्रींनी मागचा कोपरा जोरात दाबून सोडला. गाडी एकदा डुलून थांबायला हवी. ती चार वेळा डुलली. मागचे आम्ही दोघे भाऊ उतरलो. माझा भाऊ भंगारात गेला आणि मी भिंतीवर. तेलाचा ओघळ माझ्या अंगावर ठळक दिसतो, म्हणून मिस्त्री मला दाखवून गिऱ्हाइकांना समजावतात: "हे असं दिसलं की थांबू नका." आणि कुणी धुतलेली, रिकामी गाडी घेऊन आला की त्याला सांगतात, "घरी जा, सामान भरा, माणसं बसवा, मग या. किती इंच ते मग बघू."

माझेही तुम्हाला तेवढेच सांगणे आहे, मित्रांनो. जे खाली राहून तुमचे धक्के सोसतात त्यांच्याकडे कधीतरी वाकून पाहा. आणि मागे बसलेल्या माणसाने आपली पेटी मांडीवर घेतली, तर त्याने बोलायची वाट पाहू नका.

गेल्या आठवड्यात आजी आल्या होत्या. पंचाहत्तरी उलटली आहे, पण गाडीतून एकट्याने उतरल्या. मिस्त्रींनी विचारले, "काय मावशी, नवा शॉकअप कसा आहे?"

"बरा आहे," आजी म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा वर सारला आणि भिंतीवर माझ्याकडे पाहिले. "पण पेटी अजून मांडीवरच आहे. याच्या वेळी मी ती पहिल्याच दिवशी शेजारी ठेवली होती."