न पेलवलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, मोठ्या इंजिनाची मोटरसायकल आहे. तलासरीच्या हायवेवर मला पाहून आजही पोरं थांबतात. माझ्या टाकीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "काय गाडी आहे!" कोणी असं म्हटलं की मला अंग चोरावंसं वाटतं. याच थोराड अंगाखाली एकदा एका बाईचा पाय अडकला होता. त्या वेळी जे घडलं, ते आठवलं की माझी मान खाली जाते.

मला घडवलंच होतं लांबच्या प्रवासासाठी. मोठी टाकी, उंच सीट, मागे सामानाच्या दोन पेट्या. माझा पहिला मालक वापीचा. त्याने हौसेने मला घेतलं आणि कव्हराखाली ठेवून दिलं. धूळ खात पडले असतानाच एक दिवस रविंद्र मला बघायला आला.

रविंद्रचं डहाणू रोडला टेम्पोच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. पन्नाशी ओलांडलेला, मध्यम उंचीचा, शांत माणूस. पण गाडी चालवण्यात कसलेला. एका साध्या, हलक्या मोटरसायकलवरून त्याने कच्छचं रण पाहिलं होतं, सातपुडा पालथा घातला होता, हिमाचलातही जाऊन आला होता. लांब जायचं असलं की गावातली पोरं आधी त्याचा सल्ला घ्यायची.

मला घ्यावं की नाही, याचा त्याने बरेच दिवस विचार केला. हायवेवर शेजारून कंटेनर गेला की हलकी गाडी थरथरते. दिवसभर चालवली की हाताला मुंग्या येतात. मोठी गाडी रस्त्याला धरून चालते, सामान वाहते, माणसाला थकू देत नाही. हे खरंच होतं. पण मोठी गाडी अरुंद वाटेवर वळत नाही, उतारावर मागे ढकलवत नाही आणि पडली तर एकट्याला उचलवत नाही, हेही तितकंच खरं होतं. रविंद्रला दोन्ही बाजू पाठ होत्या. त्याचं मन हलक्या गाडीकडेच झुकत होतं.

पण ज्यांच्यासोबत तो फिरायला जायचा, त्या चमूतल्या सगळ्यांनी एकेक करून मोठ्या गाड्या घेतल्या होत्या. चमूचा पुढारी नविन, आशागडचा चिकूचा व्यापारी. एकदा चहा पिताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, "रविंद्रभाई, तुझ्यासाठी आम्हाला किती हळू जावं लागतं रे!" सगळे हसले. रविंद्रही हसला. आणि पुढच्याच आठवड्यात त्याने हलकी गाडी विकून मला घरी आणलं.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. पहाटेच्या हायवेवर आम्ही दोघं वाऱ्यासारखे जायचो. नविन पाठीवर थाप मारून म्हणायचा, "आता कसा शोभतोस!" मीही फुशारून जायचे.

पण घराच्या अंगणात माझी अडचण व्हायची. अंगण उताराचं होतं. मला मागे ओढताना रविंद्रचे पाय लटपटायचे. कोणी मदतीला आलं की तो घाईघाईने म्हणायचा, "नको नको, जमतंय मला." कपाळावरचा घाम मात्र लपत नसे.

त्याची बायको निलम हे सगळं दारातून बघायची. तिचं माहेर रानशेतच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर. पूर्वी हलक्या गाडीवर ती दर महिन्याला भावाकडे जायची. मी आल्यापासून ते जाणं बंद पडलं. ती विषय काढायची, तेव्हा रविंद्र कधी म्हणे, "रस्ता खराब आहे," तर कधी म्हणे, "दुकानात काम आहे." हिमाचलचे घाट चढलेला माणूस बायकोच्या माहेरचा चढ टाळू लागला होता. कारण त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

दिवाळी झाली. निलमच्या भावाने, काकड्याने, निरोप पाठवला: नाचणी निघाली आहे, ताईला घेऊन या. या वेळी निलम म्हणाली, "नेत नसाल तर तसं सांगा. मी जीपने जाते."

रविंद्रने मला बाहेर काढलं. माझी सीट उंच, त्यामुळे निलमला चढताना त्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. रानशेतपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे डांबर संपलं आणि सुट्या मुरुमाचा चढ लागला. एका वळणावर समोरून पेंढ्याने भरलेला टेम्पो आला. रविंद्रने मला कडेला घेऊन उजवा पाय टेकवून थांबवलं. टेम्पो निघून गेला. रविंद्रने डावा पाय खाली टेकवायला टाकला, पण त्या बाजूला जमीन खोल होती. पाय अधांतरी राहिला. माझा तोल गेला आणि मी आडवी झाले.

रविंद्र उडी मारून बाजूला झाला. निलमचा पाय मात्र माझ्याखाली सापडला. माझ्या तापलेल्या लोखंडाचा चटका तिच्या पोटरीला बसत होता.

आणि मित्रांनो, रविंद्रने आधी रस्त्याकडे बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं. कोणी पाहिलं तर नाही ना! मग त्याची नजर निलमकडे वळली. निलम त्याच्याकडेच बघत होती.

"अहो, पाय!" ती ओरडली. "भाजतोय!"

त्याने माझं हँडल धरलं आणि जोर लावला. मी जागची हलले नाही. त्याने पाठ टेकवून रेटून पाहिलं. मुरुमावर त्याचे बूट घसरत होते.

"हाक मारा कोणाला तरी!"

"थांब, उचलतो. उचलतो मी," तो धापा टाकत म्हणाला.

मला त्या वेळी वाटलं, आपल्याला वजनच नसतं तर! ज्या अंगाचा मला गर्व होता, तेच अंग एका माणसाला भाजत होतं, आणि मला तसूभरही सरकता येत नव्हतं.

शेवटी निलमनेच हाक मारली, "ओ, या गं कोणी! पाय अडकला माझा!"

खालच्या शेतातून बायजी नावाची म्हातारी आणि तिच्या दोन सुना धावत आल्या. चौघांनी मिळून मला उचललं. निलमची पोटरी भाजली होती, घोटा सुजला होता. बायजीने सुनेला पाणी आणायला पिटाळलं आणि रविंद्रला विचारलं, "आम्ही इथंच तर होतो. हाक का नाय मारलीस, पोरा?"



सुनांनी निलमला आधार देत माहेरी पोचवलं. मी मागून हळूहळू गेले. काकड्या घाबरून पुढे आला. "भावोजी, कसं झालं हे?"

रविंद्र उत्तर देण्याआधीच निलम म्हणाली, "माझाच पाय घसरला उतरताना."

रविंद्रने मान खाली घातली आणि ते तसंच राहू दिलं. त्या घरात तो नाचणीची भाकरी जेवला. मी अंगणात मातीने माखून उभी होते. काकड्याने फडकं आणून माझा आरसा पुसला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डहाणूला परतल्यावर निलम बरेच दिवस भिंत धरून चालत होती. ती भांडली नाही. हवं-नको विचारायची, जेवायला वाढायची, पण रविंद्रकडे बघायची नाही. एका रविवारी नविन आणि चमूतले दोघं तिला भेटायला आले. ओटीवर चहा झाला. नविन हसत म्हणाला, "वहिनी, मोठ्या गाडीवरून उतरायलासुद्धा शिकावं लागतं हां!"

निलमने मुकाट्याने कप गोळा केले आणि लंगडत आत निघाली.

"तिचा पाय घसरला नाही," रविंद्र एकदम म्हणाला. "गाडी मला पेलली नाही. तिचा पाय खाली भाजत होता आणि मी आधी बघितलं, कोणी पाहतंय का. हाक मारायची मला लाज वाटली. या गोष्टीची लाज आता जन्मभर पुरेल."

नविनने टोपी काढून मांडीवर ठेवली. तो हळूच म्हणाला, "सापुताऱ्याला माझीपण पडली होती. दोन ट्रकवाल्यांनी उचलली. मी कुणाला बोललो नाही."

निलम दारात थांबली होती. ती रविंद्रला म्हणाली, "मी खोटं सांगितलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात. चटक्यापेक्षा ते जास्त लागलं."

"खरं आहे," रविंद्र म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो निलमला माझ्यावर न बसवता बसने तलासरीला घेऊन आला. मला नविनने आधीच तिथे पोचवलं होतं. मुकेशभाईंच्या जुन्या गाड्यांच्या आवारात मला द्यायचं आणि बदल्यात हलकी गाडी घ्यायची, असं ठरलं होतं. मीही तेच मनोमन मागत होते.

रविंद्रने एक बेताची गाडी निवडली. निलम तिच्यावर आधाराशिवाय चढली आणि उतरली. मग पडली तर आपल्याला उचलवते का, हे बघायला रविंद्रने ती गाडी सावकाश जमिनीवर आडवी केली.

"अरे भाई, हे काय करता!" मुकेशभाई धावत आले. आवारातली गिऱ्हाईकं बघू लागली.

रविंद्रने वाकून हँडल धरलं. गाडी अर्धी उठली आणि त्याची कंबर धरली. सगळे बघत होते. तो तसाच वाकलेला राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "निलम, जरा हात लाव गं. एकट्याला नाही जमत."

निलम लंगडत पुढे आली. दोघांनी मिळून गाडी उभी केली.

ती त्याच्याशी हसली नाही. पण जाताना त्याच्या मागे बसली.

मी आता तलासरीच्या उमेशकडे आहे. तो धिप्पाड आहे, कामासाठी रोज हायवेने सुरतेकडे जातो. त्याला मी शोभते आणि पेलवतेही. माझं बरं चाललं आहे. तरी निलमची ती लंगडती चाल मला विसरता येत नाही.

मित्रांनो, गाडी लहान घ्या की मोठी घ्या, ती आपल्याला पेलेल एवढी घ्या. चारचौघांच्या हसण्यावरून ती निवडू नका. तिला तेलपाणी द्या, जपा. आणि तरीही ती कधी पडलीच, तर खाली कोण अडकलंय ते आधी बघा. रस्त्याकडे मग बघा, तेही हाक मारण्यासाठी.