तेल तर भरलेलं होतं

मी नरहरीशेटच्या जीपची तेल बघायची पट्टी बोलतेय. आधी माझी तक्रार ऐका, मग बाकीचं. माझं खरं कुणी मानलं नाही. मला ओढायचं, फडक्याने पुसायचं, परत आत खुपसायचं, पुन्हा ओढायचं आणि वर म्हणायचं, "ही काय सांगते!"

हातभर लांबीची लोखंडी पट्टी मी, अंगावर दोन रेघा. वरच्या रेघेला तेल टेकलं तर भरलेलं, खालच्या रेघेखाली गेलं तर घालायला हवं. यात मी कधी खोटं बोलले नाही. पण लोक तेल किती आहे तेवढंच बघतात. कसं आहे ते सांगायला गेलं की यांचे कान बंद.

आमची जीप आधी सरकारी होती. तारापूरकडे रस्ते मोजणाऱ्या साहेबांना घेऊन फिरायची. थकली तेव्हा, त्र्याऐंशी साली, केळव्याच्या नरहरीशेटने ती लिलावात घेतली. सुपारीची वाडी असलेला माणूस. चिखल, रेती, डोंगरातली दगडवाट, ओहोटीला उघडी पडणारी खाडी, कुठेही ही जायची. चालवायला बन्सी.

शेटचा जीव जुन्या पद्धतीच्या, घट्ट तेलावर. दोन महिने झाले तरी मी बाहेर यायची ती मधासारखी पिवळी. शेट पाहुण्यांना बोलावून दाखवायचा, "बघा तेल! काढा आनि भजी तळा!"

पाहुणे हसायचे, पण खरं मलाच ठाऊक. तेल स्वच्छ होतं, कारण ते घाण उचलतच नव्हतं. घाण तळाला बसत होती, डांबरासारखी, आणि रोज माझ्या टोकाकडे चढत होती. त्या काळोखात ती वर येताना मी एकटी बघत होते. ओरडले तरी ऐकतंय कोण?

एकदा बोईसरच्या पंपावर तिथला माणूस म्हणाला, "शेठ, नया तेल डालो. अंदर का कचरा धो डालेगा. काला होगा, डरना मत. लेकिन फिल्टर नया डालना."

शेटने तेल घेतलं. तेल गाळायचा कागदी फिल्टर मुंबईहून मागवावा लागणार होता, तो राहिला.

आठ दिवसांनी मला ओढलं तर मी कोळशासारखी काळी. मी आनंदात होते हो! घाण सुटायला लागली होती. पण शेट बन्सीवरच उखडला.

"भेसळीचं तेल गळ्यात मारलं आपल्या, बैला! काढ ते. आपलं जुनंच घाल."

"शेट, तो बोललेला काळं होनार म्हनून. फिल्टर..."

"फिल्टर धुवून घे. उद्या माईला भाचीच्या लग्नाला न्यायचीय."

माई म्हणजे शेटची आई, ऐंशीची, गुडघ्यांनी बसलेली. लग्न खाडीपलीकडे होतं.

मला मडगार्डवर टाकलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. वाडीत कामाला असलेली ठकी, डोंगरपाड्यावरची बाई, तिच्यापुढे शेटने रॉकेलची बादली आणि फिल्टर ठेवला. हातात भांडी घासायचा ब्रश दिला.

ठकीने फिल्टर उलटसुलट केला. "शेट, ह्यो कागूद कुजला हाय. हात लावते तं तुकडं पडतात. मी नाय घासनार."

"तू मोटारीची डागतरीन हाय काय? घास मुकाट."

"मंग मना बोलू नका मागून."

तिने घासला. बन्सीने बसवला. मला परत काळोखात खुपसलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटी धरून निघालो. पुढे शेट आणि बन्सी, मागे माई आणि तिला उचलायला ठकी. खाडीच्या मध्यावर इंजिनात टकटक सुरू झाली आणि तेलाचा लाल दिवा लागला. ठकी ओरडली, "थांबव रं! आत कायतरी आपटतं!" बन्सीने जीप थांबवली, मला उपसलं, पुसलं, पुन्हा बुडवून बघितलं.

तेल वरच्या रेघेला. काठोकाठ.

"भरलंय शेट. दिवाच बिघडला."

"मग चल ना! पानी भरायच्या आत."

मी खरं सांगितलं होतं आणि त्या खऱ्यानेच त्यांना पुढे ढकललं. तेल होतं, पण ते वर चढतच नव्हतं. वर सगळं कोरडं, लोखंडावर लोखंड. शंभर पावलं गेलो असू. एक किंकाळी फुटली, माणसाची नव्हे, इंजिनाची, आणि जीप अडकली ती अडकलीच.

बन्सीने मला पुन्हा उपसलं आणि मुठीत धरूनच मागे माईकडे धावला. चाकांभोवती पाणी आलं होतं.

शेट किनाऱ्याकडे बघून हाका मारत सुटला. किनाऱ्यावर कुणीच नव्हतं. माई रडत म्हणाली, "नरू, मना ठेवून जाऊ नको रे."

ठकीने कासोटा आवळला. "आये, गळ्याला धर. घट धर." माईला पाठीवर घेतलं आणि ती चालू लागली. पाणी गुडघ्याला, मग कमरेला. बन्सी मागून माईला रेटत होता, मी त्याच्या मुठीत. ठकी एकदा घसरली, माईचं तोंड पाण्यात गेलं, मला वाटलं संपलं. ती उठली. धापा टाकत चालत राहिली. तिने माईला पलीकडच्या रेतीवर उतरवलं तेव्हा जीपची नुसती काच दिसत होती.

पुढच्या ओहोटीला जीप ओढून बोईसरला आणली, पण इंजिन भंगारात गेलं. मी आता बोईसरच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेली आहे, गंज खात. तुमच्याकडे गाडी असेल तर पट्टीवरची रेघ बघा, पण रंगही बघा, आणि ज्याच्या हाताने काम करून घेता त्याच्या तोंडचंही ऐका. एवढंच मागणं. इंजिन उघडलं त्या दिवशी याच गॅरेजात मी काय ऐकलं ते सांगते आणि गप्प बसते.

मिस्त्रीने इंजिनाचा तळ उघडला. तेल ओढायच्या जाळीवर काळा गाळ आणि कागदाचे तुकडे, थरावर थर. तो हात पुसत म्हणाला, "शेट, फिल्टर घासला कुनी? असा घासतात काय? तेलाची वाटच बंद झाली."

बन्सीने मान खाली घातली. त्याला सगळं ठाऊक होतं. मी खिळ्यावरून त्याच्याकडे बघत राहिले. बोल रे, एवढं तरी बोल.

शेट म्हणाला, "वाडीवरची बाई. काडीची अक्कल नाय. माईचा जीव गेला असता तिच्यापायी. उद्यापासून तिला कामावर घेत नाय."

"कोन ती?" मिस्त्रीने विचारलं.

"ठकी."