पंधरा सेकंद

दोन वाजेपर्यंत रक्तपेढीचा जुना कॉम्प्युटर नव्या सर्व्हरशी बोलला नाही, तर तो काढून भंगारात द्यायचा असं ठरलं होतं. दीड वाजला होता.

हॉस्पिटलचा नवा सर्व्हर मोठा गुणी. एका कपाटात दोन यंत्रं, दोन्ही एकाच वेळी तेच काम करणारी. सकाळी कंपनीच्या इंजिनीअर मुलीने त्यातलं एक चालू असतानाच उपटून काढलं, तरी वॉर्डात कुणाला पत्ता लागला नाही. एक्स-रे, औषधं, प्रयोगशाळा झटपट जोडली गेली. सर्व्हरची सगळ्यांशी गाठ घालून देणारा प्रोग्रॅम दर मिनिटाला प्रत्येकाला हाक मारी, "आहेस का?" समोरून "आहे" आलं की जोड पक्की. रक्तपेढी तेवढी गप्प.

"काका, तीनदा हाक मारली. ही मेलेली आहे," मुलगी म्हणाली.

"मेलेली नाही," भाऊ म्हणाले.

मशीन रूममध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या भाऊंना कारण ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर बायकोचा विषय निघणार, आणि ती गेल्यापासून दहा महिने तो त्यांनी काढला नव्हता. त्या कॉम्प्युटरवर अठरा वर्षं तीच बसायची. तिच्या परवानगीशिवाय त्यावर धूळही बसत नसे.

"मग बोलत का नाही? रुसलीय?"

भाऊंना हसू आलं. घड्याळाकडे बघून ते म्हणाले, "किती थांबतेस?"

"तीन सेकंद. बाकीचे अर्ध्या सेकंदात उत्तर देतात."

"तिथं बारा लागतात. तो आधी चारही फ्रिजचं तापमान बघतो, मग 'आहे' म्हणतो. तू मध्येच परत हाक मारलीस की पुन्हा पहिल्या फ्रिजपासून सुरू."

"असलं कुणी करून घेतलं?"

"आमच्या हिने. म्हणाली, आत रक्त खराब होत असेल तर नुसतं 'आहे' म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. शेवटी जुन्या सर्व्हरला मी पंधरा सेकंद थांबायला लावलं. तेही भांडण झाल्यावर." भाऊ शेजारच्या खुर्चीत टेकले. "घरीही तेच. हाक मारली की आधी गॅस बंद करणार, मग ओ देणार. तोवर मी तीनदा ओरडलेला. म्हणायची, जरा दम धरा की, मी कुठं पळून चाललेय?"

मुलगी पडद्याकडे वळली. तिने तीनचे पंधरा केले आणि हाक पाठवली.

आठ. नऊ. दहाव्या सेकंदाला तिचा हात कीबोर्डकडे गेला. भाऊ म्हणाले, "दम धर."

बाराव्याला पडद्यावर उमटलं: आहे.

मुलीने सर्व्हरचं एक यंत्र पुन्हा उपटून पाहिलं. पुढच्या मिनिटाला पुन्हा हाक, पुन्हा बारा सेकंद, पुन्हा 'आहे'.

"काका, या पंधराच्या शेजारी कारण लिहायला हवं. नाहीतर माझ्यामागून येणारा परत तीन करेल."

भाऊंनी कीबोर्ड ओढून दोन बोटांनी टाइप केलं: 'आधी फ्रिज बघते, मग बोलते. थांबा.'

मग ते उठले आणि कोपऱ्यातलं फडकं घेऊन दाराकडे निघाले.

"आता कुठं?"

"रक्तपेढीत. दहा महिन्यांची धूळ असेल."