भूकंपाचा पॅरा

"मामा, पॅरा टाकला का न्हाई?" क्लासचे मालक राघवेंद्र सर केबिनच्या दारातूनच ओरडले. "पाचला साईट बंद व्हनार. चार वीस झाले!"

"टाकतो, सर," भुजंग म्हणाला. पण माउसवरचा हात हलला नाही.

शेजारच्या खुर्चीवर सुकन्या बसली होती. दोन बी-स्कूलांनी, म्हणजे मॅनेजमेंट कॉलेजांनी, तिला नाकारलं होतं. आता मुंबईचा हा एकच अर्ज उरला होता. 'मला इथं का शिकायचंय' हे पाचशे शब्दांत इंग्रजीत लिहून द्यायचं. लातूरच्या या क्लासात ते काम भुजंगचं. बारावी नापास माणूस, डिक्शनरी पुढ्यात ठेवून इंग्रजी शिकलेला. दहा वर्षांत त्यानं दीडशे पोरांचे अर्ज लिहिले होते आणि त्यांतल्या निम्म्यांत एक पॅरा तोच होता.

पहाटेचा भूकंप. बसलेलं दगडी घर. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून निष्प्राण काढलेली तीन वर्षांची मुलगी, केसांत गणपती विसर्जनाचा गुलाल तसाच. एका अर्जात ती थोरली बहीण असायची, दुसऱ्यात मावसबहीण. पोरांना प्रवेश मिळायचे, क्लासच्या दारावर फोटो लागायचे. ज्यांच्या घरचा कप फुटला नव्हता, त्यांचेही.

"मामाच्या डोक्याला तोड न्हाई," सर म्हणायचे. त्यांना वाटायचं, भुजंगनं ती मुलगी डोक्यातून काढली. भुजंगनं ती हातांनी काढली होती, एकेक दगड बाजूला करून. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्याला वाटलं होतं, निदान कुणी तरी वाचेल. मग सरांनी ती फाइल सेव्ह करून ठेवायला लावली.

भुजंगनं शेवटी ती फाइल उघडून पॅरा अर्जात टाकला. सुकन्यानं तो स्क्रीनवर वाचला. "काका, ही कोन? आमच्या घरात अशी कुनी न्हवती."

"तुमचं गाव पुनर्वसनातलंच ना?"

"हाव. पन मी भूकंपानंतरची. पत्र्याच्या शेडात जन्मले. माझी आई डाळ मिलमधी निवडायला जाती. बायका अंधाऱ्या कोपऱ्यात बसून खडे येचायच्या. मी मालकाशी चार महिने भांडले आन् त्यांना दारापाशी, उजेडात बसवलं. डाळीत खडा निघंना झाला, व्यापाऱ्यांकडून माल परत यायचा थांबला. ते लिहा की."

सर आत आले. "उजेडानं ॲडमिशन भेटत नसती, बाई. लोकं उसनं रडून राहिलेत, तुझ्याकडं तर अस्सल माल हाय!"

"मला रडायला न्हाई जायचं, सर. शिकायला जायचंय."

"हेच डाळीचं लिहिलं म्हनून दोघांनी हाकललं ना तुला? मामा, पॅरा हाय तसाच ठिवा. पाचच्या आत सबमिट!" फोन कानाला लावून ते बाहेर गेले.

सर खोटं बोलत नव्हते. पॅरा चालत होता. तो काढला आणि पोरगी प्रवेशावाचून राहिली, तर तिचं नुकसान आपल्याच हातून.

"पक्कं का, पोरी?"

सुकन्यानं घड्याळाकडं पाहिलं. "पक्कं. लिहा बिगीबिगी."

त्यानं पॅरा खोडला. "किती बायका?"

"चौदा."

"आन् मालक आधी काय म्हनला?"

"बायकांना कशाला उजेड पायजे, म्हनला."

"हे घालू." खडे वेचण्याला इंग्रजी शब्द आठवेना. डिक्शनरीत शोधताना तीन मिनिटं गेली. चार सत्तावन्नला त्यानं बटण दाबलं. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. अर्ज पोचल्याची ओळ उमटली, तेव्हा पाचला एक मिनिट कमी होतं.

सर परत आले आणि त्यांनी प्रिंट वाचली. "पॅरा कुठंय?"

"काढला."

"खामखा वाटोळं केलं पोरीचं! इतकी भारी गोष्ट..."

"गोष्ट न्हाई, सर. लेक हाय ती माझी. आता कुनाच्या अर्जात न्हाई द्यायची तिला."

सरांनी कागद खाली ठेवला. "दहा वर्षं बोलला न्हाईत?"

"तुमी इचारलं न्हाई."

सुकन्या बॅग घेऊन उठली होती. ती पुन्हा बसली. "काका, नाव काय होतं तिचं?"

भुजंगनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"छबी म्हनायचो. शाळेत घालताना चांगलं नाव ठेवू, म्हनलं होतं."